कानातला कापूस

गेल्या वर्षी माझ्या कंबरेचा एमआरआय झाला. आत नेण्याआधी तिथल्या मुलीने माझ्या कानांत मऊ स्पंजाची बोंडं बसवली, त्यावर जाडजूड हेडफोन चढवला, हातात दाबायला रबरी फुगा दिला आणि विचारलं, "मॅडम, गाणी कुठली लावू?" मी म्हटलं, काही नको. तिला वाटलं मी घाबरलेय. घाबरले नव्हते, आईची आठवण येत होती. मशीन सुरू झालं आणि तो ठकठकाट इतक्या थरांमधून गाळून माझ्यापर्यंत आला की दूर कुठेतरी कोणी खिळे ठोकतंय असं वाटावं. माझ्या आईने हाच आवाज उघड्या कानांनी ऐकला होता, तोही स्वतःच्या हट्टाने. आता आई नाही, आणि समोरच्या ब्लॉकमधली खालाही नाही. दोघी असत्या तर त्या हेडफोनला नावं ठेवत आमच्या जिन्यात तासभर उभ्या राहिल्या असत्या.

नव्वदच्या दशकात आम्ही वाशीत राहायचो. सोसायटी खाडीच्या बाजूला होती. गिरगावातल्या चाळीतून आम्ही इथे आलो तेव्हा बाबांना शांततेमुळे झोप लागत नसे. दुपारी समोरच्या रिकाम्या प्लॉटमधलं गवत वाऱ्याने हललं तरी घरात ऐकू यायचं. मुंबईचे नातेवाईक येत आणि म्हणत, "इथे कसं करमतं गं तुम्हाला?" मला करमत नव्हतंच, मी कॉलेजात होते आणि मला गर्दी हवी होती. आईला मात्र ती शांतता मानवली. दिवसभर कानाने काम करणाऱ्या बाईला संध्याकाळी कानाला आराम हवाच.

कारण आई टेलिफोन ऑपरेटर होती. रबाळ्याला पंप बनवणारा एक कारखाना होता, तिथल्या बोर्डावर ती बसायची. बाहेरून आलेला फोन घ्यायचा, ज्याचा त्याला जोडून द्यायचा. सगळा कारखाना तिला आवाजाने पाठ होता आणि चेहऱ्याने जवळजवळ अनोळखी. एकदा वाशीच्या बाजारात भाजी घेताना एक गृहस्थ तिच्याकडे बघून हसले. आईने असा चेहरा केला की त्या बिचाऱ्याने पिशवी सावरून वाटच बदलली. जाता जाता तो भाजीवाल्याला म्हणाला, "कोथिंबीर कशी दिली?" आणि आई मागून ओरडली, "अहो, तुम्ही स्टोअरचे साहेब ना? मग आधी बोलायचं नाही का!" घरी आल्यावर तिला स्वतःलाच हसू आवरेना. नुसतं "हॅलो" ऐकून ती सांगायची, हा आज जेवलेला नाही, याचं घरी भांडण झालंय, याला सर्दी होणार. मी कॉलेजमधून फोन करायचे तेव्हा काहीही लपवता यायचं नाही. मला राग यायचा त्याचा.

तिच्या बोर्डाच्या खोलीमागे, भिंतीपलीकडे, प्रेस शॉप होतं. पत्रा कापायची आणि दाबायची मोठी मशीनं तिथे दिवसभर धाडधाड करत. तिथली जुनी माणसं फोनवर ओरडून बोलायची, आणि त्यांच्याशीही ओरडूनच बोलावं लागायचं. नवीन आलेले इंजिनियर हसत त्यांना. आई हसायची नाही. "त्यांचे कान मशीनने खाल्लेत," ती म्हणायची. "हसण्यासारखं काय आहे त्यात?"

हे सगळं माहीत असलेल्या बाईने पुढे जे केलं ते केलंच कसं, याचा मी अजून विचार करते.

त्या वर्षी उन्हाळ्यात तिला चक्कर यायला लागली. आधी तिने नेहमीप्रमाणे कानाडोळा केला. पित्त आहे म्हणाली, आमसुलाचं पाणी प्यायली, उपास सोडले. मग एक दिवस कंपनीच्या बसमधून उतरताना पायरीवरच बसली ती उठेना. डॉक्टरांनी तपासलं आणि डोक्याचा एमआरआय सांगितला. वाशीत तेव्हा ते मशीन नवीनच आलं होतं. आमच्या सोसायटीत एमआरआय झालेलं कोणीच नव्हतं, पण माहिती सगळ्यांना होती. कोणी म्हणालं, बोगद्यात घालतात. कोणी म्हणालं, लोहचुंबक इतकं जबर असतं की दातातली चांदी ओढून घेतं. एका काकांनी तर आईच्या देखत बाबांना विचारलं, "इन्शुरन्स वगैरे केलाय ना वहिनींचा?" बाबा "हं" म्हणाले. बाबांचा "हं" सगळ्या प्रश्नांना पुरायचा.

तपासणीला मी आईबरोबर गेले. तिथला मिशीवाला टेक्निशियन वाईट माणूस नव्हता, फक्त घाईत होता. "धातूचं काही अंगावर नको. मंगळसूत्र, बांगड्या, पिना, सगळं काढा." आईने आयुष्यात पहिल्यांदा, बाबा धडधाकट असताना, गळा मोकळा केला. काचेच्या बांगड्या चालल्या असत्या की नाही कोण जाणे, त्याही निघाल्या. मग तिला पांढरा झगा घालायला दिला. मंगळसूत्र माझ्या ओंजळीत ठेवताना तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या अरुंद फळीवर तिला उताणी झोपवलं, पाय जुळवून सरळ, हात अंगालगत. आणि मग टेक्निशियनने कापसाचे दोन बोळे केले आणि तिच्या दोन्ही कानांत घातले. "आवाज मोठा असतो," तो म्हणाला आणि मला बाहेर जायला सांगितलं.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याला असंच सरळ निजवतात. पांढरं वस्त्र घालतात, आणि नाकाकानांत कापसाचे बोळे घालतात. हे मला बाहेर बाकावर बसल्यावर सुचलं. आईला ते तिथे पडल्या पडल्याच सुचलं होतं, असं तिने नंतर सांगितलं. टेक्निशियन पाठ करून काहीतरी बटणं बघत होता तेवढ्यात तिने दोन्ही बोळे काढले आणि मुठीत धरले. मग डोकं हलू नये म्हणून तिच्या चेहऱ्यावर प्लास्टिकचा पिंजरा आला आणि फळी आत सरकली.

मी भिंतीपलीकडून ऐकत होते. आधी ठक, ठक, ठक. मग कोणी काँक्रीट फोडतंय असा गडगडाट. मध्ये थांबायचं, वाटायचं संपलं, आणि पुन्हा दुसऱ्याच सुरात सुरू. बाहेर मला तो आवाज इतका लागत होता, तर आत डोक्याभोवती काय असेल! माझी समजूत होती की तिच्या कानांत कापूस आहे.

ती बाहेर आली, मूठ उघडली आणि घामाने भिजलेले ते दोन बोळे कचऱ्याच्या डब्यात टाकले.

"आई, कानातून काढलेस?"

"मी अजून जिवंत आहे," ती म्हणाली, गरजेपेक्षा खूप मोठ्याने. मंगळसूत्र गळ्यात घालताना पुढे म्हणाली, "तुळशीचं पान तेवढं ठेवायचं राहिलं होतं मेल्यांचं."

मी हसले. तेव्हा मला ते विनोदी वाटलं. खाली रिक्षावाल्याने "किधर?" विचारलं तर आईने उत्तर दिलं नाही. घरी कुकर ओरडत राहिला आणि ती समोर उभी राहून तांब्यात पाणी भरत होती. मग फोन वाजला. आमच्या घरात फोन दुसऱ्यांदा वाजलेला मी कधी ऐकला नव्हता, आई पहिल्याच घंटेला उचलायची. त्या दिवशी तो वाजत राहिला आणि आई खिडकीजवळ बसून दोन्ही हातांनी कान झाकत होती, उघडत होती, झाकत होती.

"कानात शिट्टी वाजतेय," ती म्हणाली. "आणि बाकी सगळं कापसातून आल्यासारखं. बघ, काढून टाकला तरी राहिलाच."

दुसऱ्या दिवशी तिने कोणाचं न ऐकता बोर्ड गाठला. संध्याकाळी आली ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि पाट घेऊन जमिनीवर बसली. दिल्लीहून आलेला मोठ्या साहेबांचा फोन तिने प्रेस शॉपला जोडला होता. नंतर एकाचं नाव तिने इतक्यांदा विचारलं की त्याने वैतागून फोन आपटला. कंपनीत तेव्हा नवी यंत्रणा बसवायचं चाललं होतं. दोन ऑपरेटर होत्या, त्यातली एकच ठेवणार हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. "प्रेस शॉपच्या माणसांसारखी ओरडत होते मी आज," आई म्हणाली. "माझं मला कळलंही नाही. दुसरीने खांद्याला हात लावून सांगितलं." मग ती रडली. मी तिला रडताना फार कमी पाहिलंय. बाबा दारात उभे होते, त्यांना "हं" सुद्धा म्हणता आलं नाही.

कानाच्या डॉक्टरांनी चिमट्यासारखा नादकाटा वाजवून कानाजवळ धरला, मग कपाळावर टेकवला, आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "मोठ्या आवाजाने कान थकतो. बहुतेक वेळा परत येतो, कधीकधी पूर्ण येत नाही. आठवडाभर शांत राहा. आणि असा आवाज पुन्हा उघड्या कानांनी ऐकायचा नाही." आईने रजा टाकली. आमची ती शांत वाशी पहिल्यांदा मला उपयोगाची वाटली. टीव्ही बंद, रेडिओ बंद, भांडी हळू घासायची. हळूहळू तिला कुकर ऐकू यायला लागला, मग दाराची बेल, मग जिन्यातल्या चपला. शिट्टी मात्र बारीक आवाजात चालूच होती.

आणि तेवढ्यात एमआरआयचा निकाल सांगायला डॉक्टरांनी बोलावलं. एक डाग दिसत होता. असेलही काही, नसेलही. इंजेक्शन देऊन पुन्हा एकदा मशीनमध्ये घालायला हवं, मगच औषधाचं ठरवता येईल.

"मी जाणार नाही," आई म्हणाली.

आम्ही समजावलं. मी भांडले. कापूस घातलास तर काही होणार नाही, म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि सांगितलं, "कापूस मी घालणार नाही. आणि कापसाशिवाय जाणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय ना, उघड्या कानांनी नाही म्हणून? मग झालं." मी म्हटलं, डोक्यात काही असलं तर? ती म्हणाली, "डोक्याने मी काय करते? नोकरी कानाची आहे." या बाईपुढे डोकं आपटून घ्यावं असं मला झालं. ती काही अडाणी नव्हती. पण एकदा अंगावर आलेली भीती शिकलेल्या माणसालाही सोडत नाही, आणि खरं सांगायचं तर, तिला त्या फळीवर तशी पाहिल्यापासून मलाही तो कापूस नकोसा झाला होता. मी तिला सांगत होते त्यावर माझाच विश्वास नव्हता.

खाला आमच्याच मजल्यावर, समोरच्या ब्लॉकमध्ये राहायची. मूळची म्हसळ्याकडची, तिच्या यजमानांचं वाशीत कापडाचं दुकान होतं. आईपेक्षा वयाने मोठी, म्हणून आईला अगंतुगं करायची. आमच्या मजल्यावर दोनच फोन होते, एक आमचा आणि एक तिचा. आई जात नाही म्हणते हे जिन्यापलीकडे पोचलंच होतं. त्या दुपारी ती एक लाकडी पेटी घेऊन आली. आत मखमलीच्या खाचांमध्ये अत्तराच्या चिमुकल्या कुप्या.

"कापसाचा काय गुना, वयनी?" तिने बसता बसताच सुरुवात केली.

"खाला, तो मेलेल्या माणसाच्या कानात घालतात."

"आमच्यात पन घालतात. म्हनून काय मी गादीत कापूस भरत नाय? वातीला घेत नाय तू?" तिने एक कुपी उघडली. वाळ्याचा गार वास खोलीभर झाला. "आमच्याकडं लगनाला पाव्हना आला का दारातच त्याच्या कानात फाया ठेवतात. कुनाच्या कानात? जित्या मानसाच्या. माझ्या निकाहला माझ्या बापाच्या कानात व्हता, मी पडद्यातनं बघितला. कापसाला कुठं म्हाईत, आपन कुनाच्या कानात चाललो."

तिने कापूस घट्ट वळला, मोठा, कानाला नीट बसेल असा, आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला काडीने अत्तर लावलं. आत लागलं तर आग होते, म्हणाली. आईच्या उजव्या कानात तो बसवताना तिने आईची हनुवटी धरली होती, नवरीची धरतात तशी. आईने वास खोल ओढून घेतला. मग म्हणाली, "वास चांगला आहे." मी ओळखलं, काम झालं.

"पन गळा मोकळा नको मला," आईने लगेच दुसरी अट घातली. ती खालाजवळ बसली की खालासारखी बोलायची. त्यावर तोडगा तिला स्वतःलाच सापडला. मंगळसूत्र गाठवायला दिलं की बायका दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालतात. हळकुंडात कसलं आलंय लोखंड! खालाने दोरा ओवून दिला.

दुसऱ्या तपासणीला निघताना खाला दारात म्हणाली, "घरी आलीस का मी फोन करीन. बोलनार नाय. कायतरी वाजवीन. काय वाजला ता सांग."

टेक्निशियनने हळकुंड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, हुंगलं आणि परत दिलं. आई फळीवर आडवी झाली तशी ती पांढरी, औषधाच्या वासाची खोली एकदम लग्नाच्या हॉलसारखी दरवळली. "मॅडम, इथून लग्नाला जायचंय का?" तो म्हणाला. "हो," आई म्हणाली. "जरा लवकर आटपा." त्याने आपणहून तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या घड्याही खोचल्या. मी बाहेर बसले आणि तो ठकठकाट पुन्हा सुरू झाला. या वेळी मी माझे कान झाकून घेतले, जणू त्याने तिचे झाकले जाणार होते.

निकालाचं सांगून टाकते. डाग काळजीचा नव्हता. चक्कर गोळ्यांनी बसली. नवी यंत्रणा आली, एकच ऑपरेटर राहिली, आणि ती आई. निवृत्त होईपर्यंत तिने तो बोर्ड सांभाळला, फक्त हेडफोन डाव्या कानावरून उजव्यावर आणला. डाव्यातली शिट्टी शेवटपर्यंत गेली नाही. पण हे सगळं नंतर कळलं. त्या संध्याकाळी आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर आईने कानातले फाये काढले आणि देवासमोरच्या वाटीत ठेवले. बाबा लवकर आले होते, तेही बसले. कोणी कोणाला विचारेना, ऐकू येतंय का. मग फोन वाजला. आई पहिल्या घंटेला उठली.

तिने रिसीव्हर डाव्या कानाला लावला, भुवया आक्रसल्या, उजव्याला लावला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. पलीकडून कोणी बोलत नव्हतं हे नक्की. आई डोळे मिटून उभी होती, बोर्डावर बसत असेल तशी.

"बांगड्या," आई हळू आवाजात म्हणाली. "काचेच्या. हात अगदी लांब धरलाय तुम्ही, लबाड आहात." मग तिने रिसीव्हर कानावर आणखी दाबला. "आणि खाला, तुमचं दूध उतू चाललंय."

खालाने आनंदाच्या बातमीसाठी आधीच शेवयांच्या खिरीचं दूध चढवून ठेवलं होतं, आणि बांगड्या वाजवायच्या नादात ते विसरली होती. रिसीव्हर टेबलावर टाकल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. तिची धावती पावलं आम्हाला दोनदा ऐकू आली, एकदा फोनमधून आणि एकदा दारातून. बाबा मोठ्याने हसले. मला इतकं हसू आलं की त्याचं रडू झालं, आणि ते मला थांबवता येईना.

आईने फोन ठेवला नाही. उजव्या कानाला लावून ती तशीच उभी होती. पलीकडे खालाच्या स्वयंपाकघरात भांडं सरकत होतं, नळ सुटत होता, खाला स्वतःलाच शिव्या घालत होती.

"अगं, ठेव की आता," मी म्हटलं.

"थांब गं," आई म्हणाली. "ऐकू दे."